फ्लूची लस : पाऊस लागायच्या आत रुग्णालयाच्या सगळ्या स्टाफपर्यंत कशी पोचवायची

ग्रामीण रुग्णालयातली फ्लू लसीकरणाची मोहीम बहुतेकदा एका परिपत्रकाने सुरू होते आणि तिथेच संपते. सूचना फलकावर कागद लागतो, 'सर्व अधिकारी व कर्मचारी यांनी नोंद घ्यावी', खाली सही-शिक्का. पंधरवड्याने फ्रीज उघडावा तर निम्मे डोस तसेच. मग चहाच्या वेळी निकाल लागतो की आपल्या लोकांना फुकटातल्या गोष्टीची किंमत नाही.

मला हे पटत नाही. लस नाकारणारे थोडे असतात, लस ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही असे पुष्कळ. नाइट संपवून सकाळी आठला सुटलेल्या सिस्टरला साडेआठची एसटी गाठायची असते आणि लसीकरणाची वेळ ठेवलेली असते अकरा ते एक. कंत्राटी सफाई कामगाराचं नाव कुठल्याच यादीत नसतं. लॅब टेक्निशियन आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या तालुक्याला डेप्युटेशनवर. यांच्यापैकी एकही जण लशीच्या विरोधात नाही. म्हणून माणसाला लशीकडे बोलावत बसण्यापेक्षा लस त्याच्या ड्युटीत नेऊन बसवायची, आणि जो खरोखर घाबरतोय त्याच्याशी आडपडदा न ठेवता बोलायचं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

हे लिहिताना डोळ्यांपुढे तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. उपजिल्हा रुग्णालयाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रालाही (पीएचसी) यातलं बरंचसं लागू पडेल.

कामाला लागायचं ते फेब्रुवारीत

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो. मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. दुसरी थंडी सरता सरता, जानेवारी ते मार्च. श्रीनगरसारखा उत्तरेकडचा टोकाचा भाग सोडला तर देशात बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातलीच लाट मोठी, म्हणून लस पावसाआधी घ्यायची. टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. मृग लागतो ७-८ जूनला. उलटं मोजत आलं की मेअखेरची मुदत आपोआप ठरते.

आता मे महिन्यात विदर्भातल्या रुग्णालयात कोण असतं ते आठवून पाहा. लग्नसराई आणि पोरांच्या सुट्ट्या, त्यामुळे अर्धा स्टाफ रजेवर. उरलेला उष्माघाताच्या रुग्णांमागे धावतोय. आणि जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की वॉर्डबॉयपासून क्लार्कपर्यंत ज्याच्याकडे म्हणून दोन एकर आहे तो पेरणीला गावी. गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथे 'जूनमध्ये पाठवतो' या आश्वासनाला काही अर्थ नाही. त्यामुळे लस हाती पडली की मुख्य फेरी दहा-बारा दिवसांत उरकायची आणि रजेवरून परतणाऱ्यांसाठी मेअखेरीस दुसरी छोटी फेरी ठेवायची. जूनमध्ये कुणी राहिलाच तर त्यालाही टोचा, उशिरा घेतलेली लस न घेतलेल्यापेक्षा बरी.

फेब्रुवारी अशासाठी, की मागणी, मंजुरी आणि खरेदी यांना वेळ लागतो, आणि ३१ मार्चनंतर नव्या वर्षाचा निधी येईपर्यंत तिजोरी कोरडी असते. जागतिक आरोग्य संघटना या लशीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा जाहीर करते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशावर उत्तरेत असलो तरी पावसाळ्यापूर्वी आपल्या उपयोगाची असते ती दक्षिण गोलार्धाची ताजी लस, जी एप्रिल-मेच्या सुमारास बाजारात मिळू लागते. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष दोन्ही छापलेलं असतं. स्टोअरकीपरला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर स्वस्तात मिळाली म्हणून मागच्या हंगामाची, मुदत संपत आलेली लस गळ्यात पडते.

डोस किती मागायचे

आस्थापना विभागाच्या क्लार्ककडची यादी घेऊन डोस मागितलेत तर कमी पडणार हे नक्की. त्या यादीत फक्त पगारपत्रकावरची माणसं असतात.

एक कोरा कागद घ्या आणि गेटपासून आत चालत या. सुरक्षारक्षक. केसपेपरच्या खिडकीवरचा ऑपरेटर, जो दिवसभर खोकणाऱ्या माणसांच्या तोंडापासून हातभर अंतरावर बसलेला असतो. औषधवाटप, ड्रेसिंग, लॅब, एक्स-रे, डायलिसिस असेल तर तिथला टेक्निशियन. आयसीटीसीचे (एचआयव्ही तपासणी केंद्राचे) समुपदेशक, आरबीएसकेची (मुलांच्या आरोग्य तपासणीची) टीम. रुग्णांचा स्वयंपाक करणाऱ्या बाया, चादरी नेणारा धोबी, सफाई ठेकेदाराची माणसं, शवविच्छेदनाला मदत करणारा. १०२ रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक. प्रशिक्षणाला आलेल्या नर्सिंगच्या मुली. आणि आशाताई, ज्या बाळंतिणीला घेऊन येतात आणि रात्रभर लेबर रूमबाहेरच्या बाकावर बसून असतात. 'त्या आपल्या नाहीत, पीएचसीच्या आहेत' असा वाद कुणी घातला तर घालू द्या. त्यांचा श्वास मात्र आपल्याच वॉर्डात चाललेला असतो.

हे सगळे मिळून आकडा पगारपत्रकाच्या दीडपट-दुप्पट निघाला तर आश्चर्य नको. त्यावर फुटण्या-सांडण्यासाठी थोडे वरचे डोस धरा.

तरीही कमी मिळाले तर वाटप हुद्द्याने करू नका. आधी लेबर रूम आणि नवजात बाळांची खोली, मग कॅज्युअल्टी, केसपेपर आणि ओपीडी, घशाचे नमुने घेणारे. या सगळ्यांच्याही आधी स्टाफमधल्या गरोदर बाया आणि ज्यांना मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे ते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याचा बचाव म्हणजे आईने गरोदरपणी घेतलेली लस आणि त्याला हाताळणाऱ्यांनी घेतलेली लस.

लस आणायची कुठून

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला. २०१५च्या लाटेने नागपूरलाही चांगलंच हलवलं. त्यानंतर राज्याने जोखमीच्या गटांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली आणि त्या गटांत आरोग्य कर्मचारीही आहेत. म्हणून पहिली मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, पीएचसी असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, लेखी आणि संवर्गनिहाय आकड्यासह. 'पुरेसे डोस मिळावेत' असं मोघम लिहिलेलं पत्र फाइलीत जातं. आकडे असलेल्या पत्राला निदान उत्तर द्यावं लागतं.

पुरवठा आला नाही किंवा अपुरा आला तर रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय ठेवा. बाहेर एक डोस हजार-दोन हजारांच्या घरात पडतो, एकगठ्ठा घेतला तर घासाघीस होते. पैसे थोडेच असतील तर ते कंत्राटी लोकांवर खर्च करा. डॉक्टर स्वतःच्या खिशातून घेऊ शकतो, महिना दहा-बारा हजारांवर राबणारी मावशी नाही.

खरेदीत एक गोंधळ हल्ली हमखास होतो. काही वर्षं चार विषाणूंची लस उत्तम मानली जायची. त्यातला बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे आढळलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता तीन विषाणूंची लस पुरेशी मानते. तीनची लस आली म्हणून 'जुना माल पाठवला' असा बोभाटा होऊ देऊ नका. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लसही मिळते, पण ती गरोदर बायांना चालत नाही. सगळ्यांसाठी एकच, सुईची, निष्क्रिय विषाणूची लस ठेवलेली बरी.

४५ अंशांत २ ते ८ अंश

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. रुग्णालयात नियमित लसीकरणाचा आयएलआर, म्हणजे लशींसाठीचा खास फ्रीज, असेल तर तीच तिची जागा. आयएलआरचा तळ सर्वांत थंड, म्हणून लस वरच्या बास्केटमध्ये. घरगुती फ्रीजवर वेळ आली तर मधल्या कप्प्यात. दारात नको, फ्रीझरला चिकटून नको, आणि त्यात कुणाची पाण्याची बाटली किंवा डबाही नको. मे महिन्यात हा नियम पाळून घेणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दार सारखं उघडतं आणि आतला काटा बारावर जातो.

तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारीही. लाइट गेली तर दार उघडायचं नाही. दुपारी लांबचं लोडशेडिंग असेल तर जनरेटरवर कोणता प्लग आहे हे आधीच पाहून ठेवा.

लस गोठल्याची शंका आली की आपल्याकडचे लोक सवयीने कुपी हलवून शेक टेस्ट करतात. ती चाचणी ॲल्युमिनियम असलेल्या लशींसाठी, पेंटा किंवा टीडीसारख्या. फ्लूच्या नेहमीच्या लशीत ॲल्युमिनियम नसतं, त्यामुळे ती हलवून काही कळत नाही. गोठली असावी असं वाटलं तर बाजूला काढा, लेबल लावा, वापरू नका.

वॉर्डात नेताना व्हॅक्सिन कॅरिअर. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट आत घालायचे नाहीत. बाहेर ठेवून वर पाण्याचे थेंब दिसेपर्यंत आणि हलवल्यावर आत बर्फ खुडखुडेपर्यंत थांबायचं, मग भरायचं.

आधी बोला, मग टोचा

सभागृहात सगळ्यांना बसवून पॉवरपॉइंट दाखवण्यावर माझा फारसा विश्वास नाही. समोर साहेब असताना मावशी प्रश्न विचारत नाही, मान डोलावते आणि त्या दिवशी नेमकी सुट्टी टाकते. खरे प्रश्न निघतात चेंजिंग रूममध्ये, लिननच्या खोलीत, चहाच्या टपरीवर. म्हणून प्रत्येक गटातून एक माणूस निवडा, ज्याचं इतर ऐकतात. नर्सेसमध्ये ती बहुधा जुनी इन्चार्ज सिस्टर असते, सफाई कामगारांत मुकादम नसतोच, ती एखादी ठसकेबाज मावशी असते. १०८च्या ड्रायव्हरांत तिसराच कुणी. या चार-पाच जणांना अर्धा तास द्या, त्यांच्या सगळ्या शंका फिटू द्या आणि पहिले डोस त्यांना द्या. त्यांच्याबरोबर अधीक्षकांनीही घ्यावा, वॉर्डात, सगळ्यांदेखत, शर्टाची बाही वर करून. केबिनमध्ये दार लावून घेतलेल्या लशीचा बाकीच्यांना काही उपयोग नाही.

ऐकायला मिळणारं बोलणं ठरावीक असतं.

"मॅडम, वीस वर्सं झाली मले इथं, काई झालं नाई. आता कायले टोचून घिऊ?"

यावर फुप्फुसाचे फोटो दाखवून घाबरवू नका. ज्याला फ्लू होतो त्याला दरवेळी अंथरुणच धरावं लागतं असं नाही. कित्येकदा नुसतं पडसं वाटतं आणि माणूस कामावर येतो. लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो विषाणू पसरवत असतो, पुढे पाच-सात दिवस. मावशीला सांगा की तुम्ही धडधाकट आहात म्हणूनच तुम्ही कामावर याल, आणि तुम्ही फडकं मारता ती लेबर रूम आहे. हे तिला कळतं. तिचीही नातवंडं असतात.

"मागच्या साली टोचलं न् दुसऱ्याच दिवशी ताप आला. मंग फायदा काय?"

हा अनुभव खरा असतो, तो खोडून काढू नका. टोचल्यावर दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप हे एक-दोन दिवस होऊ शकतं. पण या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्याच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. टोचल्यावर आठवड्याने पडसं झालं तर एक तर लशीचे दोन आठवडे भरले नव्हते, नाहीतर तो दुसराच विषाणू होता. सर्दी करणारे विषाणू डझनावारी आहेत आणि ही लस फक्त इन्फ्लुएंझावर चालते. डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस यांवर तर अजिबात नाही, आणि आपल्याकडे ते सगळे याच दिवसांत येतात. हे आधीच सांगून टाकलं नाही तर ऑगस्टमध्ये कुणाला डेंग्यू झाला की बदनामी फ्लूच्या लशीची होते.

"कोरोनाचे तीन घेतले न, अजून कितीक?"

१६ जानेवारी २०२१ला देशात कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेत हीच माणसं होती, हे आवर्जून बोलून दाखवा. मग सांगा की हा आजार वेगळा, विषाणू वेगळा, लस वेगळी. फ्लूचा विषाणू वर्षागणिक रूप बदलतो आणि लशीचा जोरही काही महिन्यांत ओसरतो, म्हणून ती दरवर्षी. स्वाइन फ्लूचं नाव मात्र जरूर घ्या. 'फ्लू' म्हटलं की लोकांना सर्दी वाटते, 'स्वाइन फ्लू' म्हटलं की २०१५ आठवतं. तो एच१एन१ विषाणू आता दरसालच्या फ्लूचाच भाग झालाय आणि या लशीत तो असतोच.

"लेकराले अंगावर पाजतो मी, दुधात उतरन का ते?"

नाही. पाजणाऱ्या बाईला ही लस चालते आणि गरोदर बाईला कोणत्याही महिन्यात चालते, नव्हे, तिने घ्यावीच. मूल व्हायला अडचण येते ही अफवा आहे. बीपी-शुगर आहे म्हणून घेत नाही म्हणणाऱ्याला सांगा की त्याच कारणासाठी घे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बारीक सुई वापरून टोचल्या जागी दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. अंड्याची ॲलर्जी ही एके काळी मोठी अडचण मानली जायची, आता जात नाही.

जीबीएसचा (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) प्रश्न हल्ली नक्की येतो. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची साथ आली होती, तिचा धागा दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूकडे गेला, लशीकडे नाही. फ्लूच्या लशीनंतर जीबीएसचा धोका असलाच तर दहा लाख डोसांमागे एक-दोन इतका, आणि खुद्द फ्लूनंतरही जीबीएस होतो. मात्र ज्याला पूर्वी फ्लूची लस घेतल्यापासून सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला होता, त्याचा निर्णय फिजिशियनवर सोडा. लस टाळायची ती पूर्वी याच लशीची तीव्र ॲलर्जी झाली असेल तर. चांगला ताप चालू असेल तर तो उतरेपर्यंत थांबायचं, साधं नाक गळतंय म्हणून नव्हे.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं की परिणामकारकता जेमतेम निम्मी, मग कशाला? आकडा बरोबर आहे. लस आणि फिरणारा विषाणू जुळले तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, न जुळले तर त्याहून कमी. आणि खरं सांगायचं तर स्टाफने लस घेतल्याने रुग्णांना किती संरक्षण मिळतं याचे पुरावे स्वतःला मिळणाऱ्या संरक्षणाइतके भक्कम नाहीत. हे लपवून डॉक्टरांना पटवायला गेलात तर तेच तुम्हाला उघडं पाडतील. त्यांना एवढंच विचारायचं : दोन मेडिकल ऑफिसरांवर चाललेल्या रुग्णालयात ऑगस्टमध्ये एक जण सहा दिवस झोपला तर रात्रीचे कॉल कोण घेणार? एका वॉर्डबॉयला एकदा हेच समजावताना तिथल्या सिस्टरने म्हटलं होतं, "कुंपण घातलं म्हणून रानडुकरं येतच नाईत का भाऊ? येतात. पन सोयाबीन घरी येते न?" तो हसला आणि बाही वर केली. डॉक्टरांनाही हे चालून जातं.

टोचायचा दिवस

ड्युटी बदलते सकाळी आठला, दुपारी दोनला, रात्री आठला. लसीकरण या तीन वेळांच्या आगेमागे अर्धा-अर्धा तास ठेवा. सकाळी साडेसात ते साडेआठ या एका तासात नाइट सुटणारी आणि मॉर्निंगला आलेली, दोन्ही माणसं एकाच ठिकाणी सापडतात. ओव्हर देऊन झाली की लगेच तिथेच टोचायचं. नाइटच्या सिस्टरला मात्र आधी घ्या, तिची एसटी असते आणि टोचल्यावर तिला अर्धा तास बसायचंही आहे. त्या दिवशी तिला अर्धा तास लवकर रिलीव्ह केलं तर काही आभाळ कोसळत नाही.

जे त्या तासात सापडणार नाहीत त्यांच्यासाठी ट्रॉली घेऊन फिरा : किचन, लॉन्ड्री, लॅब, १०८ उभी असते ते शेड. ट्रॉलीवर व्हॅक्सिन कॅरिअर, सिरिंज, कापूस, नोंदवही, सुयांसाठी पांढरा पंक्चरप्रूफ डबा आणि ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरच्या उपचाराचा, किट. किटमधल्या ॲड्रेनलिनची मुदत सकाळीच पाहा. तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एखाद्यालाच होते, पण ती झाली तर ॲड्रेनलिन १:१०००, मोठ्या माणसाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, तत्काळ. फेरी चालू असताना कॅज्युअल्टीत डॉक्टर हजर हवा. टोचून घेतलेला माणूस अर्धा तास नजरेआड होता कामा नये. उभ्याने टोचू नका, तरुण पोरंच सुई पाहून धाडकन पडतात.

डोस ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत, खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं. फार वर टोचलं तर खांद्याच्या सांध्याला इजा होऊन महिनोन्‌महिने हात वर होत नाही, आणि तशी एक सिस्टर वॉर्डात फिरली की पुढच्या वर्षीची मोहीम तिथेच संपली. हात विचारून निवडा. पोछा मारणाऱ्या मावशीचा, केसपेपर लिहिणाऱ्याचा, ड्रायव्हरचा कामाचा हात सोडून दुसरा.

एका वॉर्डचे सगळे एकाच दिवशी टोचू नका. लेबर रूमच्या चार सिस्टरांपैकी दोघींना दुसऱ्या दिवशी अंगदुखी झाली तर बाळंतपणं कोण करणार? दोन-दोन करून घ्या, शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी. दोन पॅरासिटामॉल हातात द्या आणि 'दुखलं तर घ्या' म्हणून सांगा. कंत्राटी माणसाला दुसऱ्या दिवशी खरंच ताप आला आणि तो घरी राहिला तर त्याचा रोज कापला जाणार नाही, हे ठेकेदाराकडून आधी वदवून घ्या, जमलं तर लेखी. लशीला नाही म्हणणाऱ्या कितीतरी कंत्राटी लोकांची खरी भीती सुईची नसते, बुडणाऱ्या रोजाची असते.

याच फेरीत हिपॅटायटिस बीचे तीन डोस कुणाचे पूर्ण आहेत तेही विचारून घ्या. दोन्ही लशी एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडांत देता येतात. ज्यांना रोज सुया उचलाव्या लागतात त्या सफाई कामगारांतच हिपॅटायटिसची लस राहिलेले जास्त सापडतील.

जे नाहीच म्हणतात

अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५च्या सुमारास ही लस नोकरीची अटच केली आणि जवळपास सगळा स्टाफ लसवंत झाला. आपल्याकडे तो मार्ग नको. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, कोरोनाच्या लशीसंदर्भात का होईना, कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही असं स्पष्ट केलंय. शिवाय 'लस नाही तर पगारपत्रक अडवतो' असं म्हणणाऱ्या साहेबाला रजिस्टरमध्ये शंभर टक्के आकडा मिळतो आणि डोस बेसिनमध्ये जातात. हे कसं होतं ते प्रत्येक जुन्या सिस्टरला माहीत आहे.

त्यापेक्षा नकाराचा एक साधा कागद ठेवा, मराठीत, पाच ओळींचा : लस मोफत आहे हे मला सांगितलं, शंका विचारायची संधी दिली, सध्या मी घेत नाही, कारण अमुक, पुढे विचार बदलला तर घेऊ शकतो. कारणाची ओळ महत्त्वाची. ती भरताना माणूस बोलू लागतो, आणि निम्म्या वेळा कारण निघतं 'आज उपास आहे' किंवा 'उद्या लग्नाला जायचंय'. तो नकार नव्हे, तारीख बदलून मागणं आहे. द्या बदलून. खरोखर नको असलेल्याला टोमणे मारू नका, वॉर्डात त्याची चर्चा करू नका. साथीच्या दिवसांत मात्र त्याने मास्क न चुकता लावावा आणि नवजात बाळांच्या खोलीत त्याची ड्युटी लावू नये, एवढं मागणं वाजवी आहे. मास्क आणि हात धुणं लस घेतलेल्यांनाही सुटलेलं नाही.

नोंद

रजिस्टरमध्ये नाव, पद, वॉर्ड, तारीख, कोणत्या दंडात, बॅच नंबर, मुदत आणि सही. बॅच नंबर लिहायचा कंटाळा करू नका, काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न तोच येतो. गंभीर त्रास झाला तर एईएफआयचा (लसीकरणानंतरच्या त्रासाचा) रिपोर्ट जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी जायला हवा. लपवालपवीइतकी मोहीम दुसरं काही बुडवत नाही.

फलकावर वॉर्डनिहाय आकडे लावा : लेबर रूम ९ पैकी ८, किचन ५ पैकी ५. नावं लावू नका. किचनच्या बायांचा आकडा डॉक्टरांच्या वर गेला की पुढचं काम आपोआप होतं.

जुलैमध्ये ताप-खोकला घेऊन स्टाफपैकी कुणी आलं तर त्याला घरी पाठवण्याचा अधिकार इन्चार्ज सिस्टरला तोंडी नव्हे, लेखी द्या. लस घेतलेल्यालाही फ्लू होऊ शकतो, आणि तापात गोळी खाऊन ड्युटी ओढण्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे.

उरलेले डोस कपाटातल्या खजिन्यासारखे जपू नका. दवाखान्याच्या एएनसी ओपीडीला येणाऱ्या गरोदर बायांना आणि एनसीडी क्लिनिकच्या मधुमेही रुग्णांना देता येतील का हे वरून विचारून घ्या. दहाएक डोस तेवढे मागे ठेवा : ऑगस्टमध्ये नर्सिंगच्या मुलींची नवी बॅच येते, बदलीवर एखादा डॉक्टर येतो, आणि पेरणी उरकून परतलेला वॉर्डबॉय स्वतःहून विचारतो, "मॅडम, माहं राहलं होतं न?"